रानकडेच्या जमिनीची किंमत



वसंत ऋतूतल्या सायंकाळी व्याख्यानास यावे आणि जमिनीच्या दराची चर्चा ऐकावी, हे पुष्कळांस रुक्ष वाटेल. भूसंपादन, निवाडा, सातबारा हे शब्द कचेरीच्या ओसरीवर शोभणारे. परंतु ज्या प्रश्नात माणसाचे पोट, सरकारचा खजिना आणि रानातला वाघ हे तिघेही एका तागडीत बसतात, तो प्रश्न कचेरीवर सोडून देणे बरे नाही. म्हणून राखीव जंगलाच्या आत किंवा त्याला लागून असलेली खासगी जमीन सरकार जेव्हा घेते, तेव्हा तिची किंमत कशी ठरते आणि कशी ठरावी, एवढाच विषय आज आम्ही हाती घेतला आहे.

प्रथम किंमत म्हणजे काय ते पाहू. विकत घेणाऱ्याला निकड नाही, विकणाऱ्याला अडचण नाही, दोघेही जाणते आहेत. अशा दोघांमध्ये जो भाव ठरेल तो बाजारभाव, अशी न्यायालयांची जुनी व्याख्या आहे. व्याख्या निर्दोष दिसते. पण सरकार जमीन सक्तीने घेते तेव्हा विकणारा राजी नसतो, आणि घेणारा एकटाच असतो. म्हणून कायद्याला एक कल्पित बाजार उभा करावा लागतो. त्या कल्पित बाजारात काय मांडायचे आणि काय मांडू द्यायचे नाही, यावरच सारी किंमत अवलंबून असते.

१८९४ च्या भूसंपादन कायद्याने हा बाजार आपल्याकडे मांडला आणि तो २०१३ पर्यंत चालला. त्याच्या तेविसाव्या कलमात काय मोजायचे ते सांगितले होते: जमिनीचा त्या दिवशीचा बाजारभाव, उभे पीक व झाडे, जमिनीचे तुकडे पडल्याने होणारे नुकसान, उरलेल्या मालमत्तेला पोहोचणारी झळ, बिऱ्हाड हलविण्याचा खर्च. चोविसाव्या कलमात काय मोजायचे नाही ते सांगितले होते. सरकारला घाई आहे म्हणून भाव वाढणार नाही. मालकाचे मन जमीन सोडायला तयार नाही म्हणूनही वाढणार नाही. आणि सरकार त्या जमिनीचा जो उपयोग करणार आहे त्यामुळे वाढणारी किंमत तर मुळीच धरायची नाही. सक्तीच्या दुःखावर फुंकर म्हणून मूळ कायद्यात बाजारभावावर शेकडा १५ जादा मिळत. १९८४ साली ते ३० झाले.

मग जमिनीत दडलेल्या गुणांचे काय? या प्रश्नाचा एक प्रसिद्ध निकाल आहे, आणि तो आजच्या विषयाला फार जवळचा आहे. विशाखापट्टणमचे बंदर बांधले जात होते. त्याच्या शेजारच्या टेकड्यांत एका जमीनदाराची जागा होती आणि तीत गोड्या पाण्याचा झरा होता. बंदराच्या भोवतीचा भाग हिवतापाचा. स्वच्छ पाण्याची तेथे गरज. जागा सरकारने संपादन केली. मालक म्हणाला, माझा झरा बंदराला पाणी पुरवू शकतो, त्याची किंमत द्या. त्यावर उत्तर मिळाले, की हे पाणी घेणारे गिऱ्हाईक बंदराखेरीज कोण आहे? गिऱ्हाईक एकच, आणि तेच जमीन सक्तीने घेणार. मग झऱ्याला निराळी किंमत कसली? वाद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १९३९ साली तेथे निकाल लागला, की गिऱ्हाईक एकच असले आणि ते स्वतः जमीन घेणारेच असले, तरी जमिनीच्या अंगच्या गुणाची किंमत शून्य होत नाही. राजीखुशीने घेणाऱ्याने तिला काय दिले असते, ते ठरवून द्यावे.

या निकालातले मर्म लक्षात ठेवावे. गुण जमिनीचा आहे. गिऱ्हाइकांची संख्या कमी आहे म्हणून तो नाहीसा होत नाही. रानकडेच्या जमिनीची गोष्ट नेमकी हीच आहे. दोन जंगलांमधून जनावरांची वाट जिच्यावरून जाते, जिच्या उतारावरचे पाणी खालच्या नाल्याला बारमाही ठेवते, अशा जमिनीचे हे गुण विकत घेणारे गिऱ्हाईक एकच, आणि ते म्हणजे समाज. त्याच्या वतीने सरकार. बाजारात त्या गुणाला बोली लागत नाही. म्हणून कागदावर ती जमीन ‘वरकस’ किंवा ‘पोटखराब’ एवढीच राहते.

बाजारभाव काढण्याची रूढ रीत म्हणजे आसपासची खरेदीखते पाहणे. शहराजवळ ही रीत चालते. पण रानाच्या काठावर मुळात खरेदीखतेच थोडी. जी होतात त्यांत मुद्रांकाचा खर्च वाचावा म्हणून आकडा कमी घातलेला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला परवानगीवाचून घेता येत नाही. हा निर्बंध त्याच्या रक्षणासाठी आहे आणि तो योग्यच आहे. पण त्याचा परिणाम असा, की त्याच्या जमिनीला गिऱ्हाईक कमी, भाव कमी, आणि पुढे सरकार ती घेऊ लागले म्हणजे तोच कमी भाव पुरावा म्हणून पुढे येतो. रानडुकरे पीक लोळवतात, रात्री माळ्यावर बसून राखण करावी लागते, म्हणून उत्पन्न उणे. आणि उत्पन्न उणे म्हणून किंमतही उणी. म्हणजे रानाच्या शेजाराचे सारे ओझे जो पिढ्यान् पिढ्या वाहतो, त्याच्या पदरी हिशेबात वजाबाकीच पडते.

अभयारण्याच्या हद्दीत तर याहून चमत्कारिक स्थिती होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे सरकार प्रथम अभयारण्य करण्याचा मनोदय जाहीर करते. ती अधिसूचना निघाली, की विसाव्या कलमान्वये त्या हद्दीतल्या जमिनीवर वारसाहक्काखेरीज कोणालाही नवा हक्क मिळवता येत नाही. म्हणजे खरेदी-विक्री बंद. त्यानंतर जिल्हाधिकाऱ्याने लोकांचे हक्क तपासावे, दावे ऐकावे, आणि हक्क मान्य झाल्यास जमीन हद्दीबाहेर ठेवावी, संपादन करावी किंवा तो हक्क पुढे चालू ठेवू द्यावा. हे काम शक्यतो दोन वर्षांत संपवावे असे कायदा म्हणतो. परंतु ते न संपल्यास अधिसूचना रद्द होत नाही. आता विचार करा. ज्या जमिनीचा बाजार कायद्याने बंद केला, तिचा बाजारभाव पुढे कोणत्या खरेदीखतांवरून काढणार? आणि चौकशी रेंगाळली, तर मधल्या काळात त्या शेतकऱ्याने मुलीच्या लग्नाला किंवा आजारपणाला काय विकायचे?

येथे कोणी म्हणेल, की नवा कायदा आला आणि हे सारे सुधारले. सुधारले हे खरे आहे, आणि ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. २०१३ चा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ पासून अमलात आला. त्यात बाजारभाव काढण्याच्या तीन वाटा सांगितल्या आहेत: मुद्रांकासाठी ठरविलेला सरकारी दर, आसपासच्या तशाच जमिनींच्या मागील तीन वर्षांतल्या खरेदीखतांपैकी वरच्या निम्म्यांची सरासरी, आणि काही प्रकारच्या संपादनात संमतीने ठरलेली रक्कम. या तिन्हींत जो आकडा मोठा तो धरायचा. ग्रामीण भागात त्याला एक ते दोन यांमधल्या अंकाने गुणायचे. जमीन शहरापासून जितकी दूर तितका हा अंक मोठा असावा अशी कल्पना. त्यात झाडे, विहीर, घर यांची किंमत मिळवायची, आणि आलेल्या रकमेवर शेकडा शंभर दिलासा रक्कम द्यायची. झाडांची किंमत ठरविताना त्या विषयाच्या जाणकाराची मदत घेता येते.

केवळ हिशेब समजावा म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. हेक्टरी बाजारभाव १० लाख रुपये निघाला आणि गुणक दोनचा लागला, तर २० लाख झाले. दिलाशासह ४० लाख. गुणक एकच लागला, तर २० लाख. जुन्या कायद्याने याच जमिनीचे १३ लाखांच्या आसपास झाले असते. तेव्हा फरक मोठा आहे. पण हेही ध्यानात घ्यावे, की सारी इमारत पहिल्या आकड्यावर उभी आहे. मूळ १० लाखांऐवजी ४ लाख निघाले, तर पुढचे सारे गुणाकार त्या चारावरच चालतात. चुकलेल्या मापाला दोनाने गुणले म्हणून माप बरोबर होत नाही. मागील तीन वर्षांची खरेदीखते पाहायची, आणि त्या तीन वर्षांत सरकारच्याच निर्बंधांमुळे व्यवहार थंडावलेले असायचे, असे झाले तर सरकार आपणच पाडलेल्या भावाने जमीन घेते. वास्तव दर न दाखविणारी खरेदीखते बाजूला ठेवण्याची मुभा कायद्याने जिल्हाधिकाऱ्यास दिली आहे. पण जो आधार अधिकाऱ्याच्या मर्जीवर आहे, तो शेतकऱ्याच्या हाती असल्यासारखा धरता येत नाही.

आता वाघांच्या राखीव क्षेत्राकडे वळू. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हा निवडलेल्या नऊ क्षेत्रांत आपला मेळघाट होता. त्याच्या आतली बोरी, कोहा आणि कुंड ही गावे या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत अकोट तालुक्याकडे हलविण्यात आली. पुढे २००८ साली केंद्राने अशा कुटुंबांसाठी १० लाखांचा आराखडा ठरविला. २०२१ साली तो १५ लाखांचा झाला. यात दोन वाटा आहेत. कुटुंबाने सारी रक्कम घेऊन आपली सोय आपण पाहावी. किंवा सरकारने दोन हेक्टर शेती, घर आणि गावाच्या सोयी करून द्याव्या. १० लाखांच्या आराखड्यात शेतजमिनीसाठी शेकडा ३५ आणि हक्कांच्या निवारणासाठी शेकडा ३० अशी वाटणी होती.

ही रीत बाजारभावाच्या रीतीहून अगदी निराळी आहे. येथे जमीन मोजत नाहीत, कुटुंब मोजतात. ज्याच्याकडे नावावर काहीच नव्हते त्याला ही रीत उपकारक, कारण भूसंपादनाच्या निवाड्यात भूमिहीनाच्या हाती जमिनीचे काहीच लागले नसते. पण ज्याची पाच एकर चांगली काळी जमीन होती, त्यालाही तोच आकडा. शिवाय मोहाची फुले, तेंदूची पाने, बांबू, मध, सरपण, गुरांची चराई ही मिळकत सातबारावर कधीच चढत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने ती हक्क म्हणून मान्य केली. गडचिरोलीतल्या मेंढा या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि पुढे गावाने स्वतःचा बांबू स्वतः विकला, तेव्हा या मिळकतीचा आकार लोकांना दिसला. जिला विकता येते तिची किंमत दिसते. जी रोज चुलीखाली जळते आणि ताटात पडते, तिची दिसत नाही.

आतापर्यंत सरकार घेणारे होते. आता तेच सरकार देणाऱ्याच्या जागी बसते तेव्हा कसा हिशेब करते ते पाहू. खाण, धरण, रस्ता यांसाठी जंगलाची जमीन हवी असेल, तर १९८० च्या वनसंवर्धन कायद्याखाली परवानगी लागते आणि त्या जंगलाचे ‘निव्वळ वर्तमान मूल्य’ भरावे लागते. गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत घालून दिली. प्राध्यापक कांचन चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि २८ मार्च २००८ च्या आदेशाने जंगलाच्या जाती व दाटीप्रमाणे हेक्टरी ४ लाख ३८ हजारांपासून १० लाख ४३ हजारांपर्यंत दर ठरले. अभयारण्यात त्याच्या पाचपट आणि राष्ट्रीय उद्यानात दहापट. २०२२ साली मूळ दर सुमारे दीडपट झाले.

या मूल्यात काय धरले आहे ते ऐकण्यासारखे आहे. इमारती लाकूड व सरपण धरले आहे. पाने, फुले, फळे धरली आहेत. चारा धरला आहे. लोक रान पाहायला येतात ते धरले आहे. वनस्पतींतून पुढे औषधे सापडण्याची शक्यता धरली आहे. वाघासारख्या प्राण्याचे असणे धरले आहे. हवेतला कर्बवायू झाडे शोषून घेतात तेही धरले आहे. भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेने २०१५ च्या सुमारास सहा व्याघ्रक्षेत्रांचा असाच अभ्यास केला, तेव्हा एकट्या कान्हाच्या वर्षाच्या लाभाचा अंदाज सुमारे १,६५० कोटी रुपये निघाला.

श्रोतेहो, या दोन हिशेबांची तुलना करावयाची ती आकड्यांवरून करू नये. साध्या जंगलाचा हेक्टरी दर शेजारच्या शेताच्या मोबदल्याहून कित्येकदा कमीच भरतो. म्हणूनच रस्ता काढणाऱ्याला दहा खातेदारांच्या शेतांतून जाण्यापेक्षा सरकारच्या रानातून जाणे सोपे आणि कधी कधी स्वस्तही वाटते. तुलना करावयाची ती तागडीत काय घातले यावरून. रान देताना सरकार म्हणते, येथे पाखरू आहे, चारा आहे, हवा आहे, वाघ आहे, मोजा. रानालगतचे शेत घेताना तेच सरकार म्हणते, गेल्या तीन वर्षांत शेजारचे शेत केवढ्याला गेले ते दाखवा. बांधाच्या अलीकडे गवत उगवते आणि पलीकडेही तेच गवत उगवते. अलीकडचे गवत निसर्गसंपत्ती ठरते, पलीकडचे पोटखराब.

यामागे कोणाचा दुष्टपणा आहे असे आम्ही म्हणत नाही. दोष मापाचा आहे, आणि तो नीट दिसावा म्हणून थोडे दूर, अमेरिकेला जाऊ. कॅलिफोर्निया प्रांताच्या किनाऱ्याला रेडवूड नावाचे प्रचंड वृक्ष आहेत; काहींचे वय दोन हजार वर्षांच्या घरात. ती राने बहुतेक लाकूड कंपन्यांच्या खासगी मालकीची. १९६८ साली तेथे सुमारे ५८ हजार एकरांचे राष्ट्रीय उद्यान झाले. लगतच्या डोंगरांवर तोड चालूच राहिली आणि माती वाहून उद्यानातल्या झाडांच्या मुळांशी येऊ लागली. तेव्हा १९७८ साली आणखी ४८ हजार एकर घ्यावे लागले, आणि त्यांतले पुष्कळसे तोवर तोडून झाले होते. पुढे १९९९ साली हेडवॉटर्स नावाचे रान, साधारण साडेसात हजार एकर, केंद्र आणि प्रांत यांनी मिळून ३८ कोटी डॉलरला घेतले. म्हणजे एकरी ५० हजार डॉलर. किंमत इतकी का? झाडे उभी होती आणि मालकाला ती तोडता आली असती म्हणून. तेथील मूल्यमापनाचा नियम असा, की जमिनीचा कायदेशीर आणि शक्य असा जो सर्वांत किफायतशीर उपयोग, त्यावरून तिची किंमत धरावी. उभ्या रेडवूडचा सर्वांत किफायतशीर उपयोग म्हणजे फळ्या.

बाजारभावाचे खरे स्वरूप येथे उघडे पडते. रानाच्या बाबतीत बाजारभाव हा रानाचा भाव नसतो. तो रान नाहीसे करण्याच्या शक्यतेचा भाव असतो. ज्याच्या हाती कुऱ्हाड आणि परवाना आहे त्याला तो भरपूर मिळतो. ज्याने झाडे राखली आणि राखणारच असे सर्वांस ठाऊक आहे, त्याला कमी मिळतो. आपल्याकडे हीच गोष्ट फळ्यांऐवजी भूखंडांच्या रूपाने होते. अभयारण्याच्या वेशीवर कोणी बिनशेती परवानगी काढली, चार खोल्या बांधल्या, की त्याची जमीन ‘विकसित’. शेजारच्याने आपल्या बांधावरची मोहाची झाडे आणि मागचा रानाचा तुकडा आजोबांपासून तसाच ठेवला, तर त्याची ‘पडीक’. ज्याने राखले त्याला दंड आणि ज्याने मोडले त्याला इनाम, असे माप जर सरकारने धरले, तर पुढच्या पिढीने राखावे कशासाठी?

यावर एक रास्त आक्षेप येईल, आणि त्याला बगल देता कामा नये. रानकडेच्या जमिनीला रानाचे मूल्य द्या म्हटले, की पहिला पुढे येईल तो पिढीजात शेतकरी नव्हे. शहरातून जाऊन, स्वस्तात जमीन घेऊन ठेवलेला गुंतवणूकदार पुढे येईल. शिवाय व्याघ्रक्षेत्रामुळे जमिनीला जे मोल चढले ते लोकांच्या पैशाने चढले. ते पुन्हा लोकांच्याच पैशाने विकत का घ्यावे? हा युक्तिवाद खोटा नाही. १९४७ साली त्रिनिदादच्या एका खाणीच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने सांगितले आहे, की ज्या योजनेसाठी जमीन घ्यायची त्या योजनेमुळेच वाढलेली किंमत धरू नये. आम्हांस हे तत्त्व मान्य आहे. मात्र ते दोन्ही बाजूंनी लावले पाहिजे. योजनेमुळे वाढलेली किंमत देऊ नये, त्याचप्रमाणे योजनेमुळे पडलेली किंमत मालकाच्या माथी मारू नये.

दुसराही एक पेच आहे. सरकार पुष्कळदा जमीन घेतच नाही; तिच्यावर एक शब्द लिहून ठेवते. १९७५ च्या महाराष्ट्र खासगी वने संपादन कायद्याने त्या वर्षीच्या ३० ऑगस्टला खासगी वने सरकारजमा झाली. १९५० च्या दशकात काढलेल्या नोटिसांच्या आधारे, कित्येक दशकांनंतर, मुंबईच्या उपनगरांतल्या इमारतींच्या जमिनींवर ‘खासगी वन’ अशा नोंदी झाल्या. घरे विकता येईनात. शेवटी ३० जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की नुसती नोटीस काढणे पुरेसे नाही. ती मालकाला बजावली गेली पाहिजे. नोंदवहीतला एक शब्द मालमत्तेचे मोल कसे पाडतो, हे शहरातल्या सुशिक्षितांना तेव्हा कळले. पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राचेही तसेच. ३ जून २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक संरक्षित वनाभोवती किमान एक किलोमीटरचा पट्टा ठेवण्यास सांगितले. २६ एप्रिल २०२३ ला तो सरसकट नियम शिथिल केला. अशा पट्ट्यात शेती करता येते. खाण, मोठे कारखाने यांना मात्र मनाई असते. जमीन मालकाचीच राहते, म्हणून मोबदल्याचा प्रश्नच निघत नाही. निर्बंध आवश्यक असतील. आमच्या मते बहुतेक आहेतच. पण एखाद्याच्या वाट्याला निर्बंध आणि सगळ्यांच्या वाट्याला थंड हवा, असा व्यवहार असेल, तर त्या एकट्याचे आपण काही देणे लागतो एवढे तरी मान्य करावे.

तर मग करावे काय? आमच्या चार साध्या सूचना आहेत. पहिली, रानकडेच्या जमिनीचा बाजारभाव काढताना पहिला निर्बंध लागण्यापूर्वीची स्थिती पाहावी, आणि मधल्या वर्षांची वाढ तालुक्यातल्या मोकळ्या गावांवरून धरावी. दुसरी, कुटुंबाची रानातली मिळकत ग्रामसभेसमोर मोजून निवाड्यात वेगळी मांडावी. रान देताना जे आपण हेक्टरी मोजतो, ते घरटी मोजणे अशक्य नाही. तिसरी, जो आधीपासून तेथे राहतो, कसतो, त्याला रान राखल्याबद्दल निराळी भर असावी, आणि ती निर्बंध जाहीर झाल्यावर विकत घेणाऱ्यास मिळू नये. गुंतवणूकदाराच्या आक्षेपाला याने उत्तर मिळते. चौथी, शक्य तेथे जमिनीला जमीन द्यावी. वन्यजीव कायद्यातच अशी तरतूद आहे, की मालकाच्या संमतीने मोबदला जमिनीत, पैशात किंवा दोन्हींत देता येतो. तरतूद आहे, तिचा वापर व्हावा.

आणि या चौहोंच्या आधी एक गोष्ट, जिला पैसाही लागत नाही. निवाडा ज्या कागदावर लिहिला जातो, त्यात कोणती खरेदीखते धरली, कोणती सोडली, गुणक कोणता आणि का, झाडे किती मोजली, हे मराठीत, खातेदाराला वाचता येईल अशा रीतीने चावडीवर लावावे. आमची अशी समजूत आहे, की पुष्कळसे भांडण रकमेचे नसते; आपल्याला न विचारता आपले मोल कोणी ठरविले, याचे असते.

रान वाचले पाहिजे याविषयी या सभागृहात दुमत नसेल. प्रश्न एवढाच, की ते कोणाच्या पदरच्या पैशाने वाचवायचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत आपण ताडोब्याला जातो, वाघ दिसला म्हणून आनंदाने परत येतो. त्या वाघाला जागा करून देण्यासाठी कोणीतरी घराच्या भिंतीवरचा देव उतरवून बैलगाडीत ठेवलेला असतो. त्याच्या जमिनीची किंमत ठरविताना त्याने सोडले काय आणि आपण मिळविले काय, या दोन्ही गोष्टी एकाच तागडीत घालाव्या. तसे केले तर सरकारचा खर्च वाढेल, म्हणजे आपला कर वाढेल. तो देण्याची आपली तयारी आहे की नाही, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी ठरवावे.